अकरावं प्रकरण

त्यांची माझी ओळख झाली ती त्यांच्या डाव्या हातामुळे. इकडे परदेशात, डँडेनॉन्गच्या एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये मी लोकांचं रक्त काढते, सोळा वर्षं झाली. ते तेव्हा क्लेटनच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, शिकवायचे. आफ्रिकेतल्या आपल्या देशातून परागंदा झालेले लेखक. उजव्या हाताची शीर काही केल्या सापडेना, म्हणून मी डावा मागितला, तर म्हणाले, "लिहायचा हात आहे, जपून." पुढच्या खेपेला येताना माझ्यासाठी स्वतःची कादंबरी घेऊन आले.

ती वाचली आणि मला वेडच लागलं. बाजरीची शेतं, चुलीवर रटरटणाऱ्या कण्या, नळावरची भांडणं, सगळं ओळखीचं. हे मराठीत आणायचंच, म्हटलं. सहा वर्षं माझी दर शनिवारची सकाळ त्या पुस्तकाला गेली. नवरा विचारायचा, "कोण वाचणार आहे हे?" मी म्हणायचे, "तू नको वाचूस." काही अडलं की त्यांच्या पुढच्या ब्लड टेस्टची वाट बघायची. एकदा कण्या कशा घोटतात ते सांगायला हे गृहस्थ दंडाला पट्टा बांधलेला असताना खुर्चीतून उठले होते.

त्यातलं अकरावं प्रकरण माझं सगळ्यात लाडकं. गावात मंत्री येतो. सगळे टाळ्या वाजवतात, एक मास्तर वाजवत नाही. त्याला दिवसभर शाळेच्या पटांगणात उन्हात उभा करतात. बस्स, एवढंच. मराठीत उतरवताना मी रडले होते. याच प्रकरणापायी त्यांना देश सोडावा लागला होता.

मग तिकडचं सरकार पडलं. ते परत गेले, निवडणूक जिंकले आणि चक्क पंतप्रधान झाले. आम्ही सेंटरमध्ये केक कापला. माझा पेशंट पंतप्रधान झाला म्हणून मी आठवडाभर मिरवत होते!

दोन वर्षांनी तिकडच्या शिक्षकांनी संप केला आणि यांच्या पोलिसांनी मास्तरांना झोडपून काढलं. तो व्हिडिओ मी लंचब्रेकमध्ये पाहिला. डबा तसाच मिटला. त्याच सुमारास पुण्याच्या माझ्या प्रकाशकांनी भाषांतराची परवानगी मागितली होती. पंतप्रधानांच्या ऑफिसातून उत्तर आलं, भाषांतर नव्या आवृत्तीवरूनच करावं. मी नवी आवृत्ती मागवली. मास्तर गायब. पुढच्या प्रकरणांचे आकडे नीट बदललेले, म्हणजे कुणाला पत्ताही लागू नये.

माझं डोकंच सणकलं. अहो, सहा वर्षं!

गेल्या हिवाळ्यात ते इकडे दौऱ्यावर आले. त्यांच्या जुन्या युनीत भाषण होतं. मुलीला म्हटलं, गाडी काढ, मला त्यांना तोंडावर विचारायचंय. सकाळची शिफ्ट करून गेले होते, पायांचे तुकडे पडले होते. भाषण झाल्यावर सह्यांसाठी तासभर रांगेत उभी. मुलगी मागून कुरकुरतेय, "आई, जस्ट ईमेल हिम!"

मला बघताच त्यांनी कोटाची बाही वर सारली. "डावाच ना?" मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, "अकराव्या प्रकरणाचं काय करू?"

त्यांचा चेहरा पडला. मागे सुटातली दोन माणसं उभी होती. डाव्या हाताने सही करत, मान वर न करता ते हळूच म्हणाले, "तुमच्या पुस्तकात ठेवा. माझ्या ऑफिसात तुमची भाषा कुणालाच येत नाही."

हवं होतं तेच मिळालं होतं, आणि मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! माझी मराठी म्हणजे यांना चोरकप्पा वाटली. म्हटलं, "असं लिहून द्याल?" त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि माझ्यामागच्या माणसाकडे बघून हसले.

मी जाऊन खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने ते निघाले, तसा अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. मुलगीही. तिने मला कोपराने ढोसलं, "आई, क्लॅप! पीपल आर लुकिंग." मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. म्हटलं, "पाय दुखताहेत गं." दुखत होतेच.

दुसऱ्या दिवशी पुण्याला कळवलं, मास्तर नसेल तर पुस्तकही नको. प्रकाशक म्हणाले, लेखी परवानगीशिवाय मास्तरला छापता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे. भाषांतराचा गठ्ठा कपाटात ठेवून दिलाय. शनिवारी सकाळी जाग येते आणि काय करावं ते सुचत नाही.