मालनताई दाराबाहेर

काळाचौकीच्या आमच्या चाळीत गणपती बसतो तो मालनताई परबांच्या परवानगीनं, असं आम्ही म्हणतो. अर्थात त्यांच्या माघारी. चतुर्थीला चाळीतल्या घराघरांत उकडीचे मोदक पोचवायचं काम आमच्या महिला मंडळाचं, आणि मंडळ म्हणजे मालनताई. त्यांचे सासरे गिरणीत जॉबर होते, हाताखालच्या माणसांना नुसत्या नजरेनं हलवायचे. गिरणी गेली, नजर सुनेकडे राहिली.

मंडळाच्या खोलीत प्रत्येकीची पायरी ठरलेली. सगळ्यात खाली नारळ खवणारी, तिच्यावर गूळ चिरणारी, मग सारणवाली, पारी करणारी, कळ्या काढणारी. उकड मात्र फक्त मालनताईंची. त्या आमच्याकडे पाठ करून पाणी, मीठ, पिठी घालायच्या; काय किती, ते त्यांना आणि गणपतीला ठाऊक. बढती मिळायची ती वरची कोणी डोंबिवलीला राहायला गेली तरच. मी, वैशाली, गुळावर होते. शांता लग्न होऊन आली तेव्हा खवणीवर बसली, ती सासू झाली तरी तिथंच. "इचारल्याशिवाय कोणी हात लावूचो नाय," हा मंडळाचा एकमेव नियम.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावाहून फोन आला. ताईंच्या भावकीत मुलगा झाला होता. आम्ही "अरे वा!" म्हणून टाळ्या पिटल्या आणि ताईंचं तोंड बघून हात खाली घेतले. भावकीत जन्म म्हणजे सोयर. आता दहा दिवस नैवेद्याला हात लावायचा नाही, त्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही.

"चार दिवस थांबाक काय झाला होता त्या पोराक?" ताई म्हणाल्या. आम्हांला हसू आवरेना. पण उकड दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. मोदक वेळेत झाले नाहीत तर दुपारच्या पूजेला अख्ख्या चाळीचे गणपती नैवेद्याविना बसणार, आणि पुढच्या वर्षापासून लोक नाक्यावरच्या मिठाईवाल्याकडे जाणार. मग कसलं मंडळ आणि कसल्या मालनताई!

सकाळी ताई गॅलरीत दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या, हात पाठीमागे बांधून. शेगडी आतल्या कोपऱ्यात, तिथून त्यांना काही दिसत नव्हतं. पण आवाज होता ना!

"पाणी उकळला?"

"हो!"

"मीठ घाल!"

आता गंमत अशी, की ताईंचा हुकूम कुणा एकीला नसतो. तो सुटला की सगळ्यांनी हलायचं. सारणवाल्या दुर्गानं मीठ घातलं. पारीवाल्या अक्षदानं घातलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा उकडीजवळ उभं राहायला मिळालेल्या मीही घातलं, चांगली भरली चिमूट. पिठी पडली, वाफ आली, मग अक्षदा म्हणाली, "मीठ मी टाकलं हां."

"मी पण," दुर्गा म्हणाली.

माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून मी पातेल्याकडे बघत राहिले. त्यावरूनच मीही टाकलंय हे सगळ्यांना कळलं. नैवेद्याची उकड चाखायची नसते; पण ही आता नैवेद्याची राहिलीच नव्हती, म्हणून शांतानं जिभेला लावली. तिचा चेहरा बघून आम्ही ज्या फुटलो! दुर्गा हसता हसता पिठीच्या डब्यावरच बसली.

ती उकड बाजूला काढून आम्ही नवं पाणी चढवलं. मग ताईंचा आवाज आला, पण वेगळाच, हलका. "अक्षदा, तू घाल मीठ. एकट्या तूच."

"किती?"

"माका दिसणा नाय, तुका दिसता. तुका काय वाटता?"

हे वाक्य त्या दारातून कधी आत आलंच नव्हतं. अक्षदा लोअर परळच्या काचेच्या ऑफिसात नोकरी करते. ती कुजबुजली, "आमच्याकडे असं विचारायला शिकवायचं म्हणून साहेबांना हॉटेलात नेऊन जेवायला घालतात."

मग काय, बांध फुटला. शांता खवणीवरून उठली आणि म्हणाली, "कळ्या मी काढते." तिनं असा मोदक वळला की दुर्गा आपला लपवायला लागली.

"शांते, मगे बोललंस कित्याक नाय इतकी वर्षां?" ताई उंबऱ्यापाशी येऊन थांबल्या होत्या.

"तुमी इचारलात खंय?"

ताई परत स्टुलावर जाऊन बसल्या. आम्ही थांबलो नाही. कुणी गाणं धरलं, कुणी मोदक वाफेवर असतानाच फुगडी घातली, आणि मोदक वेळेआधी घरोघरी गेले. दुपारी एका घरचा प्रसाद ताईंच्या हातावर पडला. त्यांनी खाल्ला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा बरो झालो." मग त्यांनी आणखी एक मागितला.

यंदा भावकीत जन्म नाही, मृत्यू नाही. चतुर्थीला ताई न्हाऊन, काष्टा घालून दारात उभ्या राहिल्या आणि आमचे हात आपोआप थांबले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही शेगडीपासून बाजूला झालो. दुर्गानं गाणं अर्ध्यात सोडलं. मला मनातून फार वाईट वाटलं. एका वर्षाची मजा संपली म्हणायची.

ताईंनी आमच्याकडे पाहिलं, रिकाम्या केलेल्या जागेकडे पाहिलं. मग खाली वाकून खवणी ओढली, तिच्यावर मांडी ठोकली आणि नारळ फोडला. पहिली वाटी खवून संपवली.

"शांते," त्यांनी ताटली पुढं केली, "बघ गो. बारीक आसा काय?"

शांतानं ताटलीत बोट फिरवलं.

"अजून बारीक," ती म्हणाली.

"बरा," म्हणून मालनताई पुढच्या वाटीला लागल्या.