पिराच्या गुहेतली चंदनाची खूण

शेजारी कुणी ऊद जाळला की मी धारूरच्या डोंगरातल्या पिराच्या गुहेत जाऊन पोचते. मारेकरी मागं लागले तेव्हा डोंगरानं त्या पिराला पोटात लपवलं, असं सांगत. म्हणून आमच्याकडचे लोक सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला जाताना गावात मागं राहणारी लेकरं त्याच्याच हवाली करत.

आई मला गुहेच्या भिंतीला टेकवून उभी करायची आणि डोक्याशी चंदनाचं बोट ओढायची. "बाबा, एवढी ठिवून चाललेय."

एका उन्हाळ्यात ती कारखान्यावरून परतली आणि थेट मला घेऊन गुहेत गेली. तिच्या लुगड्याला उसाच्या पाचटाचा वास होता. मी गार दगडाला टेकले. जुनी खूण दोन बोटं खाली राहिली होती.

"बग, केवढी झाले मी!"

"लई वाढलीस गं."

गुहेत दिवाबत्ती करणारे मुजावरचाचा हसले. "बाबानं सांभाळली का न्हाई?"

"सांभाळली," म्हणत आई खुणेच्या वरच्या कोऱ्या दगडावरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, धूळ पुसतेय.

आता हॉस्टेलवरून सुट्टीला आलेल्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवताना कळतं. तेवढी दोन बोटं वाढताना आईनं मला बघितलंच नव्हतं.