कच्चं लिंबू आणि डोंगरातली शाळा

नगरच्या सावेडीहून पहाटेच्या एसटीने निघालो. तांदळाचा व्यापार करतो. नव्या मालाचे सौदे फोनवर उरकणारे पुष्कळ आहेत. मी मात्र पोतं उघडून दाणा दाताखाली धरल्याशिवाय भाव बोलत नाही. पोलिओने लुळा पडलेला डावा पाय कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्यांत आवळून संगमनेर गाठलं, मग अकोले. पुढे डोंगरात जीप.

जीपवाल्याला भाडं विचारलं.

"तुमच्याकडून काय घ्यायचं, काका? बसा फुडं."

"का? मी काय हवेत बसणार आहे?"

"तसं न्हाई. तेवढंच पुण्य."

"पुण्य दुसरीकडे शोध. भाडं सांग, मग मी घासाघीस करतो."

त्याने ओशाळून भाडं सांगितलं. मी दहा रुपये तोडले. ते दहा रुपये माझ्या कष्टाचे होते.

वाटेतलं धरण मागे पडलं, तशी खाचरं (भाताची पायऱ्यापायऱ्यांची शेतं) दिसू लागली. कापणी झालेली, उन्हात पिवळी. गावात पोहोचलो, तर ज्याचा माल बघायचा तो शेतकरी खळ्यावर गेलेला. त्याच्या बायकोने, भागाबाईंनी, ओट्यावर बसवून नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. "जेवा सावकाश, येतीलच आता."

समोरच शाळा. मधली सुट्टी झाली होती आणि पोरं शिवणापाणी खेळत होती. त्यात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी, उजवा पाय काडीसारखा, तो ओढत पळत होती. ज्याच्यावर राज्य (पकडायची पाळी) यायचं, तो तिला वळसा घालून पुढे जायचा. ती मुद्दाम समोर आली, हात पुढे केला, तरी कुणी शिवेना.

मी ओळखलं. कच्चं लिंबू! म्हणजे खेळात घेतलेला, पण ज्याच्यावर कधीच राज्य येत नाही असा भिडू.

मी बघतोय हे पाहून गुरुजी ओट्यापाशी आले. "आमची सारजा. सगळे सांभाळून घेतात तिला. मीच शिकवलंय, तिला पकडायचं नाही."

"तिला विचारलंत?"

"लहान आहे हो. पडली-बिडली तर?"

बेलापूरला माझं अख्खं लहानपण कच्चं लिंबू म्हणून गेलं. मला खेळात घेतलं म्हणून बाकीच्या पोरांना शाबासकी मिळायची. त्यांतल्या एकालाही मी माफ केलेलं नाही.

ताट बाजूला सारून मैदानात गेलो. "ही खेळते का तुमच्यात?"

"व्हय, पर ती कच्चं लिंबू हाय," दोन वेण्यांची एक उंच मुलगी म्हणाली.

"कुणी ठरवलं?"

सगळ्यांनी गुरुजींकडे बघितलं.

"तो सौदा मोडला. आता नवा. सारजा, तुझी अट सांग."

"अहो, हे काय भलतंच—" गुरुजी मागून आले.

"थांबा गुरुजी. सौदे करणं माझा धंदा आहे."

सारजा पाय ओढत पुढे आली आणि म्हणाली, "मला धरायचं आसंल, तर लंगडी घालत यायचं."

"आन् तुज्यावर राज्य आल्यावं?" उंच मुलीने विचारलं.

"तवाबी समद्यांनी लंगडीच."

"मंग आमी दमू की!"

"आन् मी न्हाई व्हय दमत?"

उंच मुलगी अस्सल गिऱ्हाइकासारखी म्हणाली, "बरं. पर वट्यावर चढून वाचायचं न्हाई."

"कबूल."

खेळ सुरू झाला. सारजाने दोघांना हुलकावणी दिली. तिसऱ्या खेपेला उंच मुलगी लंगडी घालत आली, तिने पाठीवर थाप मारली आणि सारजा गुडघ्यावर आपटली.

"शिवलीच न्हाई!"

"शिवले! खोटारडी!"

"तूच खोटारडी!"

दोघी एकमेकींच्या वेण्यांना झोंबल्या. गुरुजी धावले. "अगं, सोड तिला! बिचारीला लागलंय—"

सारजाने वेणी सोडली. सोललेल्या गुडघ्याला माती फासून ती उठली. "गुरुजी, मधी येऊ नका. राज्य माज्यावर हाय." आणि पाय ओढत ती त्या उंच मुलीच्याच मागे लागली.

गुरुजी पाठ फिरवून शाळेत गेले. मीही गोड बोलायला गेलो नाही. शेतकरी आला, माल बघितला, भाव ठरला आणि मी परतलो.

पोरांना दया शिकवायला सगळे तयार असतात. ज्याच्यावर दया करायची त्याला आधी विचारा, एवढं कुणी शिकवत नाही. लहानपणी मला कुणी विचारलं असतं, तर मी कोणती अट घातली असती, याचा विचार करत नगरपर्यंत आलो. आयुष्यभर सौदे केलेला माणूस मी, पण मला एकही अट सुचली नाही. सारजाला ती उभ्या उभ्या सुचली. मला कुणी विचारेल असं मला तेव्हा कधी वाटलंच नव्हतं, आणि त्याचा राग सगळ्यांत जास्त आहे.