समुद्राखालचं आडवं बोअर

माझी लेक समुद्रात तेलाच्या विहिरी पाडते. विहीर कुठून कशी न्यायची ते ती मुंबईत बसून ठरवते आणि कामाची पाळी आली की समुद्रातल्या लोखंडी फलाटावर जाऊन राहते. हे मी आमच्या गावात, सांगवीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझे दीर म्हणाले, "वैनी, हितं आपल्या बोअरला पाणी लागंना, आन् पोरगी समिंद्रात तेल काढती व्हय?"

"तुमच्या बोअरची जागा तिनं न्हाय दाखवली भावजी. हातावर नारळ घेऊन पाणी शोधत फिरणाऱ्यानं दाखवली."

मी चौथी शिकले. तिचं काम मला कळलं ते आमच्या विहिरीमुळं. विहिरीचं पाणी कमी पडलं की आमच्याकडं माणसं तळाशी उतरतात आणि भिंतीत आडवं बोअर मारतात. लेक तेच करते, पण समुद्राखाली आणि कोसन् कोस. तेल लांब असतं, तिथं नवा फलाट उभा करणं म्हणजे दुसरा साखर कारखाना बांधण्यासारखं. म्हणून आहे त्या फलाटावरून तिरकं उतरायचं आणि मग आडवं जायचं.

आडव्या बोअरची खोड मला ठाऊक आहे. त्यात दगडाचा चुरा बाहेर येत नाही, खाली बसून राहतो आणि भोक पाडणारा रॉड धरून ठेवतो. आमच्या दिरांना घाई होती, त्यांनी भोक धुवायला थांबू दिलं नाही. रॉड अडकला तो अजून भिंतीतच आहे. आता त्याला मोटारीची केबल बांधतात.

गेल्या वर्षी लेकीनं एकटीनं आखलेली पहिली विहीर चालू होती, सगळ्यात लांबची. तिची फलाटावरची पाळी संपली म्हणून ती घरी आली होती. सकाळी मी भिगवणची चिलापी मासळी साफ करत होते आणि तिचा फोन वाजला. पाइप जड ओढतोय, पण तेल जवळ आलंय, तसंच पुढं जाऊ, असं तिचा साहेब म्हणत होता. तिनं आराखड्यात आधीच लिहिलं होतं, एवढा जड झाला की थांबायचं आणि धुवायचं. पाइप अडकला असता तर विहीर गेली असती, आणि पुन्हा तिच्या हातात कुणी विहीर दिली नसती. उगाच थांबली असती तर बाई घाबरली म्हणाले असते.

बोलणं इंग्रजीत होतं. पण 'नो सर' मला कळलं. तीनदा म्हणाली.

ओट्यावरून दीर म्हणाले, "सायबाला उलटं बोलती. घरी बसवत्याल."

"बसवू द्या. वावरात खुरपणी पडलीय."

लेक हसली, पण फोन हातातून सोडला नाही. मी पुढ्यात ताट ठेवलं. दोन भाकरी खाल्ल्या तिनं. भूक मेलेली माणसं मला आवडत नाहीत.

दुपार कलल्यावर फोन आला. तिचं ऐकून भोक धुवायला घेतलं, तर चुरा यायला लागला तो थांबेचना, फलाटावरच्या चाळण्या भरून वाहिल्या. मग पाइप हलका झाला. पुढच्या आठवड्यात विहिरीला तेल लागलं, आणि त्याच साहेबानं तिला त्याहून लांबची विहीर आखायला दिली.

दीर म्हणाले, "नशीब हाय पोरीचं."

"नशीब कसलं? सगळे पुढं चला म्हणताना थांबायला डोकं लागतं. तुमाला न्हाय जमलं."

हल्ली मी इंदापूरच्या बाजारात भाजीवाल्यालाही हे सगळं सांगते. त्याला घाई असली तरी सांगते.