तळमजल्यावर जागा होती

राग आला की मला दिसायचं बंद होतं आणि ऐकूही कमी येतं. (चष्म्याचा उपयोग नाही, करून पाहिला.)

सोलापुरात तेव्हा गिरण्या वाढत होत्या, माणसं वाढत होती, शाळा मात्र होत्या तेवढ्याच. आमच्या पेठेतली म्युनिसिपालटीची मुलींची शाळा एका माडीवर भरायची. शकूला, म्हणजे माझ्या मुलीला, सातवं लागलं होतं. यंदा ती शाळेत गेली नाही तर माझी आई तिला धाकट्याला सांभाळायला घरी बसवणार, आणि मग ती कायमचीच बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गिरणीत खाडा करून मी, बायको आणि शकू ती माडी चढलो.

हेडमास्तरांनी मान वर न करता सांगितलं, "वर्ग भरला. पुढच्या वर्षी या."

मागच्या वर्षीही त्यांनी हेच सांगितलं होतं! मी आत डोकावलो. मुली इतक्या दाटून बसल्या होत्या की एक खोकली तर सगळी रांग हलत होती. म्हणजे हेडमास्तर खरं बोलत होते, आणि त्यामुळे मी जास्तच भडकलो. पेठेत पोरी किती, हे म्युनिसिपालटीला दिसत नाही? घरपट्टी भरायला गेल्यावर कुणी कधी म्हणालं आहे, 'पेटी भरली, पुढच्या वर्षी या'?

हे सगळं मी मोठ्यानं विचारलं. हेडमास्तरांनी शिपायाला हाक मारली, तेव्हा आम्ही निघालो. जिन्यात बायको काहीतरी सांगू लागली. (ती अक्कलकोटकडची, शांत.) तिला मी मधे बोलू नकोस म्हणून दटावलं.

तळमजल्यावर दुसरी शाळा होती आणि तिथल्या सतरंजीवर चक्क जागा होती! मी तणतणत आत शिरलो. तिथल्या मास्तरांनी बसा म्हटलं, पाणी दिलं. घरी कुणी बोलतं का, असं काहीतरी त्यांनी विचारलं. (पहिला शब्द मला रागात ऐकू आला नाही.) बायको हो म्हणाली. मीही ठणकावलं, "बोलतो की! सगळे कडाकडा बोलतो." शकूचं नाव लागलं. बाहेर येऊन मी माडीकडे बघत मिशीला पीळ दिला.

आठवड्यानं मी जेवत असताना शकूनं पाटी दाखवली. अक्षरं सगळी जिलबीसारखी गोल. नीट काढ म्हणून मी तिला झापलं.

"नीटच हाय की, आप्पा," शकू म्हणाली. "कानडी हाय."

माझा घास हातातच राहिला. मी बायकोला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"व्हय. दारावर केवढी पाटी हाय की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"जिन्यातच सांगत हुते. तुमी म्हनलाव, मधी बोलू नको." तिनं शांतपणे भाकरी वाढली. "आता नाव काढून आनताव का? वरी जागा कुटं हाय?"

वर जागा नव्हतीच. शकू कानडीत शिकली आणि चांगली शिकली. आता मायलेकी चुलीपाशी बायकोच्या माहेरच्या कानडीत गप्पा मारतात आणि मधेच माझ्याकडे बघून हसतात. एकदा न राहवून मी पाटी घेऊन शकूसमोर बसलो आणि मलाही शिकव म्हणालो.

तिनं मान वर न करता सांगितलं, "वर्ग भरला, आप्पा. पुढच्या वर्षी या."