मामांचा पेचकस

रोलिंग मिलमध्ये दोन गोष्टी आपोआप साचतात, भंगार आणि किस्से. भंगार उचलायला तरी गाडी येते. किस्से तिथंच राहतात आणि चहाच्या वेळी जो तो त्यात आपली भर घालतो. मी जालना एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या एका मिलमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे. हे बहुतेक सगळं माझ्यासमोर घडलंय, त्यामुळं यात भर घातली असेल तर ती माझीच!

* * *

आमचे फोरमन रंगनाथमामा, मूळचे मंठ्याकडचे. मशीन तपासायची त्यांची पद्धत ठरलेली. लांब पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, डोळे गच्च मिटलेले. मग निकाल! काहीच नक्की सांगता आलं नाही तर एक वाक्य तयार असायचं, "थोडं ग्रीस मागून राह्यलीय."

मालकांच्या मुलानं, म्हणजे छोटे सेठनी, व्हायब्रेशनचं मीटर आणलं आणि माझ्या हातात दिलं. लोहचुंबकाचा सेन्सर मशीनला चिकटवायचा. तो मशीनची थरथर पकडतो आणि मीटर त्यातले सूर वेगवेगळे करून पडद्यावर उभ्या रेषा दाखवतं. पंगतीत सगळे एकदम बोलत असताना कोण काय बोललं ते सांगावं, तसंच. शाफ्ट वाकला तर एक रेष वाढते, बेअरिंग खराब असेल तर दुसरीच.

मामांनी मीटर उलटंसुलटं करून पाहिलं. "ते बी ऐकतंय, मी बी ऐकतोय. त्याला चार्जिंग लागती, मला चहा. बस, येवढाच फरक!"

* * *

आता खरी गोष्ट. एकदा मी मामांच्या मागून जोरात ओरडले, "मामा, क्रेन!" मामा जागचे हलले नाहीत. शेवटी मी हात धरून ओढलं, तेव्हा दचकले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. इतकी वर्षं त्या गोंगाटात गेली, कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे.

"कुणाला सांगू नको गं," मामा म्हणाले. "मेडिकलमधी कळलं तर गेटवर बसवतील. गेटवर बसून काय ट्रक मोजू?"

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मला त्यांची फार काळजी वाटायची. शॉपमध्ये, म्हणजे मिलच्या शेडमध्ये, मी त्यांच्या डाव्या अंगानं चालायला लागले, कारण क्रेन त्या बाजूनं येते.

आणि मामा? ते मीटरचे सगळ्यात मोठे भक्त झाले! आधी हळूच माझ्याजवळ यायचे, "काय म्हणतंय तुझं?" मी पडदा दाखवायची. मग चारचौघांत पेचकस लावून, डोळे मिटून तेच सांगायचे. मोठे सेठजी, म्हणजे मालक, खूश. "देखो, मामा आणि मीटर, दोघांचं कसं बराबर जमतं!"

* * *

मीटरनंही मला कमी नाचवलं नाही. कॉम्प्रेसरच्या मोटरवर लूजनेस दिसायला लागला, म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं. मी बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी परत तेच. फाउंडेशन तपासलं, पट्टा बदलला. रिपोर्टमध्ये "कारण तपासाधीन" असं भारदस्त लिहूनही झालं.

गंमत म्हणजे हा लूजनेस जेवणाची सुट्टी झाली की गायब व्हायचा. एकदा सुट्टीच्या जरा आधी गेले, तर मोटरच्या पाठीवर मामांचा स्टीलचा डबा! झाकण तडतड वाजतंय.

"मामा, हे काय?"

"भाकर गरम करून राह्यलो. थंडी किती पडली!"

आठवडाभर मी त्या झाकणावर इलाज करत होते. आता बोला!

* * *

मग छोटे सेठनी मोठ्या गिअरबॉक्सवर कायमचा सेन्सर बसवला. काही झालं की थेट त्यांच्या फोनवर अलार्म. खंडेनवमीला आम्ही सगळ्या मशीन धुतल्या, हार घातले. सेन्सरलाही हळदकुंकू लागलं. आणि मामांनी गिअरबॉक्सच्या लोखंडी बैठकीवर खाडकन नारळ फोडला.

लगेच पुण्याहून छोटे सेठचा फोन. "मोठा इम्पॅक्ट दिसतोय! मिल बंद करा!"

"सर, मिल बंदच आहे. नारळ फोडला."

"कशावर?"

"गिअरबॉक्सवर."

मग हळूच, "पाणी आत गेलं का?"

"नाही सर. मामांनी पिलं."

* * *

मोठ्या सेठजींना हृदयाचा त्रास. ईसीजी काढला की फोटो डॉक्टरांना पाठवायची सवय. एकदा स्टँडच्या, म्हणजे सळई दाबणाऱ्या रोलरच्या, गिअरबॉक्सचं बेअरिंग खराब होत चाललं होतं. ठराविक अंतरानं ठोके येत होते, ग्राफमध्ये स्वच्छ दिसत होतं. मी म्हटलं, सेठजी, मिल बंद ठेवा.

"बिलकुल न्हाई, बेटा. ऑर्डर चालू आहे. मला फोटो पाठव, मी मुलाला दाखवतो."

मी पाठवला. त्यांनी तो पुढं पाठवला, पण चुकून डॉक्टरांना! पाचेक मिनिटांत डॉक्टरांचा फोन. "सेठजी, हा पेशंट कुठंय?"

"मिलमध्ये. काम करून राह्यला."

"काम?! आधी आडवं करा त्याला!"

सेठजी तरातरा शॉपमध्ये आले. "बंद कर, बेटा. आता डॉक्टर पण बोलले." बेअरिंग उघडलं तर बाहेरच्या रिंगला चांगला खड्डा पडलेला.

* * *

आणि हा शेवटचा. कानाच्या तपासणीची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. मामांचा चेहरा सकाळपासून उतरलेला. छोटे सेठना संशय आलाच होता. ते वडलांना घेऊन कूलिंगच्या पंपापाशी आले आणि मला म्हणाले, "मॅडम, मीटर ठेवा बाजूला. आज नुसते मामा सांगतील."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय करणार?

मामा वाकले. चामड्याचे हातमोजे तसेच हातात, म्हणजे थरथरही हाताला कळायची नाही. डोळे गच्च मिटले आणि पेचकसाचं टोक चाचपत बेअरिंगकडं नेलं.

आणि लाईट गेली.

पंप थांबला. ब्लोअर थांबले. सगळी मिल गप्प झाली. आमच्या शेडमध्ये चिमण्या राहतात हे मला त्या दिवशी कळलं. मामांचे डोळे मिटलेलेच. पेचकस बेअरिंगवर, मूठ कानाला. आम्ही तिघं बघतोय. आसपासचे कामगारही बघतायत. कुणी हसलं नाही.

बऱ्याच वेळानं मामा, डोळे न उघडताच, म्हणाले, "आवाज बराबर हाय. थोडं ग्रीस मागून राह्यलीय."

छोटे सेठ म्हणाले, "पप्पा, पंप तर..."

सेठजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. मामांकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळले. "बेटा, मामा काय बोलले? ऐकलं ना?"

"हो, सेठजी."

"मंग दे ग्रीस."

मी ग्रीसगन आणली आणि बंद पंपाला ग्रीस भरलं. मामांनी परत पेचकस लावला, मान हलवली.

"आता बराबर."

"बराबर," सेठजी म्हणाले.