समुद्रावरून गाडी

ओमानमध्ये सहमला मासळीच्या शीतगृहात मी स्टोअर सांभाळायचो, तेव्हाची गोष्ट. नवी यंत्रं बसवायला फिनलंडहून एक इंजिनिअर आला होता. ताडमाड उंच आणि तोंडात शब्द मोजकेच. जेवायला आमच्याच मेसमध्ये. मेसचे चाचा रत्नागिरीकडचे, खाडीच्या तोंडावरच्या गावातले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला हिंदी. म्हणून मधे मी.

"विचार त्याला, गाव कुठलं?" ताटात बांगडा वाढत चाचांनी फर्मावलं.

त्याचंही गाव नदीच्या मुखावरच निघालं. चिमुकलं, लाकडी घरांचं, घरांपेक्षा होड्या जास्त. "हिवाळ्यात आम्ही समुद्रावरून गाडी चालवत समोरच्या बेटावर जातो," तो म्हणाला.

मी ते चाचांना सांगितलं. त्यांच्या हातातला डाव हवेतच राहिला.

"थापा मारतोय गोरा! आता माझं सांग. म्हणावं, आमच्या खाडीत मासे झाडावर चढतात."

हे खरं होतं. चिखलातले निवटे मासे तिवराच्या झाडाच्या खोडावर चढून बसलेले मी स्वतः पाहिलेत. पण ते समजावून सांगायचा मोह मी टाळला आणि गंभीर चेहऱ्यानं तेवढं एकच वाक्य पोचवलं. तो आल्यापासून पहिल्यांदाच हसला. "थाप चांगली आहे," म्हणाला.

हे मात्र मी चाचांना शब्दशः ऐकवलं. त्या दिवसापासून त्याच्या वाटीतलं कालवण लालभडक दिसू लागलं.

त्यानंही मग मनावर घेतलं. माझ्याकडून एक मोठा टब मागून घेतला, किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणून भरला आणि फ्रीजरच्या खोलीत ठेवला. पाणी गोठून दगड झाल्यावर तो स्वयंपाकघरात आला, स्वतःचं जाडजूड जाकीट चाचांना चढवलं आणि हाताला धरून त्यांना फ्रीजरमध्ये घेऊन गेला. मधे बोलायला मीही मागोमाग. जाकीट चाचांच्या गुडघ्याखाली आलं होतं.

"सहमचा समुद्र," टबाकडे बोट दाखवत तो म्हणाला. "चढा."

चाचा बिस्मिल्ला म्हणत चढले. बर्फ जरासुद्धा हलला नाही. नेमका तेव्हाच दरवाजा उघडून अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, आत आला. भर जेवणाच्या वेळी मेसचा खानसामा टबात उभा!

"हे काय?"

"टेस्टिंग, सर," मी म्हणालो.

मला सगळं सांगावंच लागलं. अर्बाबनं शांतपणे ऐकलं, चपला काढल्या, पायघोळ दिशदाशा वर धरला आणि चाचांना खाली उतरवून स्वतः बर्फावर चढला. लगेच तळपाय चटकले, तसा एका पायावर नाचत ओरडला, "यल्ला, फोटो काढ!"

"पण गाडी कुठाय?" कुडकुडत चाचांनी विचारलं.

फिनलंडवाल्यानं हातगाडी आणून तिचं एक चाक बर्फावर टेकवलं.

"बरं. अर्धं मान्य," चाचा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी ओहोटीला आम्ही तिघे शिनासच्या खाडीवर गेलो. बराच वेळ काहीच दिसेना. चाचांचा चेहरा उतरला. मग एक निवटा टुणटुणत तिवरापाशी आला आणि सरळ खोडावर चढला. साडेसहा फुटी माणूस चिखलात पालथा पडला, माशाच्या डोळ्याला डोळा लावून. मग घरी फोन लावून आपल्या भाषेत धो-धो बोलत सुटला.

"काय म्हणतोय रे?"

मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "म्हणतोय, रत्नागिरीची माणसं खोटं बोलत नाहीत."

चाचांनी त्या दिवशी त्याला सुरमईचा सगळ्यात मोठा तुकडा तळून वाढला, आणि मला शेपटी.